कमी पैशात चांगला दवाखाना चालवायचा असेल तर आधी कपाट बघा

गरीब देशात आरोग्याचं काम सुरू करायचं म्हटलं की पहिल्यांदा डोक्यात येते इमारत, मग मशीन, मग उद्घाटनाला कोणाला बोलवायचं. हे सगळं राहू दे बाजूला. आधी एवढंच ठरवा की तापाने फणफणलेलं मूल घेऊन आई दारात आली तर त्याला कोण तपासणार, काय तपासणार आणि लागणारं औषध त्या दिवशी कपाटात असणार का. 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने हिशोब मांडला होता, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत वर्षाला साधारण 86 लाख मृत्यू उपचारांनी टाळता आले असते, आणि त्यातले 50 लाख अशा लोकांचे जे दवाखान्यापर्यंत पोचले होते पण तिथे धड उपचारच झाले नाहीत. म्हणजे नुसतं दार उघडं ठेवून भागत नाही.

तर सुरुवात औषधांपासून. जागतिक आरोग्य संघटनेने 1977 मध्ये आवश्यक औषधांची पहिली यादी काढली तेव्हा त्यात साधारण 200 औषधं होती, छोट्या केंद्राला त्याहून बरीच कमी पुरतात. तुमच्याकडे जे आजार येतात त्यांच्यापुरती यादी करा, सगळं जेनेरिक, आणि कोणी फुकट देतंय म्हणून यादीबाहेरचं काही घेऊ नका, एक्सपायरी जवळ आलेला माल नंतर नष्ट करायचा खर्चही आपल्याच गळ्यात पडतो. मग प्रत्येक औषधाचं स्टॉक कार्ड, म्हणजे किती आलं, किती गेलं, किती उरलं ते लिहायचा कागद. समजा बीपीच्या गोळीची महिन्याला 400 पाकिटं जातात आणि ऑर्डर दिल्यावर माल यायला 2 महिने लागतात, तर ते 800 आणि वर महिनाभराचा राखीव साठा 400, म्हणजे शिल्लक 1200 वर आली की ऑर्डर टाकायची, तळ दिसायला लागल्यावर नाही. ज्याची एक्सपायरी आधी ते पुढे ठेवायचं. बीपी-शुगरच्या पेशंटला एकदा रिकाम्या हाताने परत पाठवलं की तो पुढच्या महिन्यात येईलच याची खात्री नाही, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडालेली असते आणि गाडीभाडंही गेलेलं असतं. लसींचा फ्रिज 2 ते 8 डिग्रीत, तापमान रोज दोनदा लिहायचं, आणि जास्त गार म्हणजे जास्त चांगलं असं बिलकुल नाही, हिपॅटायटिस बी सारखी लस गोठली की वाया गेली.

मशीनच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. गरीब देशांतली जवळपास 40 टक्के वैद्यकीय उपकरणं बंद पडलेली असतात असं एका मोठ्या पाहणीत निघालं होतं, आणि कारणं अगदी साधी, सुटा भाग मिळत नाही, वीज खालीवर होते, दुरुस्त करणारा माणूस नाही. त्यामुळे देणगीत काही येत असेल तर आधी विचारा की फिल्टर कुठे मिळणार आणि मॅन्युअल कोणत्या भाषेत आहे. मला विचाराल तर पहिला खर्च पल्स ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र) आणि ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) करा, निमोनियाच्या मुलाचं ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली आहे हे नुसतं बघून नेहमी कळत नाही. मिनिटाला 5 लिटर देणाऱ्या एका कॉन्सन्ट्रेटरवर फ्लो स्प्लिटर, म्हणजे ऑक्सिजन वेगवेगळ्या नळ्यांत वाटणारा जोड, लावला तर एका वेळी दोन-तीन लहान मुलं सांभाळता येतात. सोबत व्होल्टेज स्टॅबिलायझर आणि लाईट गेल्यावर लागेल म्हणून भरलेला सिलिंडर हवाच, आणि बाहेरचा फिल्टर आठवड्याला कोण धुणार त्याचं नाव भिंतीवर लिहून ठेवा, कारण सगळ्यांचं काम म्हणजे कोणाचंच नाही.

माणसं. डॉक्टर मिळत नाहीत म्हणून रडत बसण्यात अर्थ नाही. मोझांबिकने 1984 पासून डॉक्टर नसलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ऑपरेशन शिकवायला सुरुवात केली, सिझेरियनसुद्धा, आणि नंतर पाहिलं तर 7 वर्षांनी त्यातले 88 टक्के जिल्हा रुग्णालयात टिकून होते, डॉक्टर मात्र एकही नाही. इथिओपियाने 2003 पासून दहावी झालेल्या मुलींना वर्षभर शिकवून गावात नेमलं, आणि सरकारी पगार दिला. पगार हा मुद्दा सोडू नका, फुकटात राबवून घेतलेली बाई पहिली बरी नोकरी मिळाली की जाणार, आणि तिचं काही चुकत नाही.

पैशाचं म्हणाल तर दारात फी घेणं सगळ्यात वाईट, आजारी माणूस उशीर करतो आणि मग खर्च वाढतो. पण फी बंद करायच्या आधी साठा वाढवा. युगांडाने 2001 मध्ये सरकारी दवाखान्यांतली फी काढली तेव्हा गर्दी एकदम वाढली आणि बऱ्याच ठिकाणी औषधं पुरेनात. रवांडात लोक वर्षाला ऐपतीप्रमाणे विम्याचा हप्ता भरतात, अगदी गरिबांचा दुसरं कोणीतरी भरतं.

आता क्वालिटी मोजायची कशी? किती पेशंट आले हा आकडा त्यासाठी काही कामाचा नाही. बांगलादेशात 1980 च्या दशकात ब्रॅक या तिथल्या स्वयंसेवी संस्थेच्या बायका घरोघरी जाऊन जुलाबावर मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवायच्या, तीन बोटांची चिमूट मीठ आणि मूठभर गूळ, 1 कोटी 20 लाखांवर घरं झाली त्यांची. त्यांचा पगार किती घरं केली यावर नव्हता, नंतर दुसराच माणूस काही घरी जाऊन आईला किती आठवतंय आणि पाणी बरोबर करता येतंय का ते तपासायचा, त्यावर पैसे मिळायचे. तुम्हीही तसंच करा, महिनाअखेरीला न निवडता कुठलेही 10 केसपेपर काढा, श्वास मोजला का, वजन लिहिलं का, गरज नसताना अँटिबायोटिक दिलं का एवढं बघा, दोन पेशंटच्या घरी जाऊन गोळ्या कशा घ्यायच्या ते त्यांनाच विचारा. जे सगळ्यात जास्त चुकतंय ते एकच पुढच्या महिन्यासाठी हातात घ्या, आणि कोणाला झापू नका, नाहीतर पुढच्या वेळी सगळे केसपेपर एकदम सुंदर भरलेले मिळतील.