पोलिसातून रिटायर झालेली एसयूव्ही घरी नीट करताय? या चुका टाळा

अमेरिकेत सरकारी ऑक्शनला फोर्डच्या पोलीस इंटरसेप्टर युटिलिटी, म्हणजे पोलिसांसाठी बनवलेल्या एक्सप्लोरर, ढिगाने येतात आणि लोक गाडी घरी आली की लगेच लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), मोठे टायर, एलईडी बार मागवायला बसतात. जरा थांबा हो. आधी गाडीत कोणी काय काय करून ठेवलंय ते तर बघा.

पहिली चूक म्हणजे नुसता ओडोमीटर बघणं. या गाड्या तासन्‌तास एका जागी इंजिन चालू ठेवून उभ्या असतात, त्यामुळे डॅशबोर्डवरच्या मेसेज सेंटरमध्ये जाऊन आयडल अवर्स, म्हणजे असं उभं राहून चाललेले तास, बघायचेच. फोर्डचा जुना हिशोब असा की १ तास आयडलिंग म्हणजे साधारण ३३ मैल. म्हणजे ४,००० तास दिसले तर इंजिनला वरचे १ लाख ३२ हजार मैल धरा, मग ओडोमीटर ९० हजार दाखवू दे नाहीतर ६०.

२०१३ ते २०१९ च्या मॉडेलमध्ये ३.७ लिटरचं व्ही-६ असेल तर वॉटर पंप नीट तपासा. तो टायमिंग चेनवर चालतो आणि इंजिनच्या आत बसवलेला असतो, त्यामुळे लीक झाला की कूलंट सरळ ऑइलमध्ये जाऊ शकतं. टाकीतलं कूलंट कमी होतंय पण खाली थेंबसुद्धा नाही, किंवा डिपस्टिकवर दुधाळ चहासारखं काही दिसलं, की गाडी चालवायची बंद, "बघू पुढच्या महिन्यात" करत बसलात तर बेअरिंग जातील. ऑल व्हील ड्राइव्हच्या पीटीयूचं, म्हणजे मागच्या चाकांकडे ताकद पाठवणाऱ्या छोट्या गिअरबॉक्सचं, ऑइलही बदला, जेमतेम अर्धा लिटर असतं आणि शेजारच्या एक्झॉस्टच्या उष्णतेने त्याचं काळं डांबर होतं.

आता वायरिंग, खरी डोकेदुखी इथेच आहे. गाडी विकताना सायरन, रेडिओ, लॅपटॉपचं स्टँड काढतात पण वायरी कचाकच कापून तशाच सोडतात. मग बॅटरी रात्रीत उतरते, आणि मालक नवी बॅटरी आणतो, तीही उतरते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ती आणि टर्मिनल यांच्या मध्ये मल्टिमीटर (करंट मोजायला) सिरीजमध्ये लावा, गाडी लॉक करून अर्धा-पाऊण तास थांबा, गाडीतले सगळे मॉड्यूल (छोटे कॉम्प्युटर) झोपले की ५० मिलीअँपियरच्या आत आकडा यायला हवा. जास्त आला की लोक एकेक फ्यूज काढत बसतात आणि काहीच सापडत नाही, कारण पोलिसांची बरीच वायरिंग फ्यूज बॉक्समधून जातच नाही, थेट बॅटरीवरून जाते. आधी बॅटरीच्या टर्मिनलवरच्या जादाच्या जाड वायरी शोधा. पिवळे कनेक्टर मात्र एअरबॅगचे, त्यांना हात लावायचा नाही. स्पॉटलाइट काढताना तर जास्तच जपा, समोरच्या काचेशेजारच्या खांबाच्या आसपासच कर्टन एअरबॅग (बाजूने पडद्यासारखी उघडणारी) असते. बॅटरीच्या वायरी सोडवून थोडा वेळ जाऊ द्या, मगच ट्रिम उघडा.

दार उघडल्यावर आतला दिवा लागत नाही म्हणून बल्ब बदलू नका, तो पोलिसांसाठी मुद्दाम बंद ठेवायचा ऑप्शन असतो. मागच्या दारांची आतली हँडलंही अशीच मुद्दाम निकामी केलेली असतात, मुलांना मागे बसवण्याआधी ती चालू करून घ्याच.

दिवे-उपकरणं बसवायला पाडलेली छतावरची भोकं सगळ्यांना दिसतात, पाणी गळतं ना. मागची कोणी बघत नाही, आणि धोका तिथेच जास्त, एक्झॉस्टचा विषारी वायू तिथून आत येऊ शकतो. २०१७ मध्ये ऑस्टिन पोलिसांनी जवळपास ४०० एक्सप्लोरर याच वायूच्या, कार्बन मोनॉक्साइडच्या (सीओ), भीतीने रस्त्यावरून काढल्या होत्या, आणि दिवे-उपकरणांसाठी पाडलेली भोकं नीट सील नसणं हे एक कारण फोर्डनेच सांगितलं होतं. तेव्हा मागचा बंपर उतरवा, टेलगेटची ट्रिम काढा, प्रत्येक भोक सीलंटने बंद करा, नुसती टेप नको. केबिनमध्ये बॅटरीवर चालणारा सीओ अलार्म ठेवून एक लांब चक्कर मारा.

स्टिकर काढल्यावर अक्षरं भुतासारखी दिसत राहतात, कारण आजूबाजूचा रंग उन्हाने उडालेला असतो. थोडं पॉलिशने जातं, नाही गेलं तर सोडून द्या, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) घासून घासून पातळ करू नका.

चावीचं बघा. बऱ्याच डिपार्टमेंटच्या सगळ्या गाड्यांना एकच चावी लागते, म्हणजे तुमची गाडी उघडणाऱ्या चाव्या अजून कोणाकोणाच्या खिशात असतील, लॉक बदलून टाका. लाल-निळे दिवे उरले असतील तर तेही काढा, स्टेटप्रमाणे नियम वेगळे असले तरी खासगी गाडीवर ते लावून फिरणं महागात पडतं. हे सगळं झालं की लिफ्ट किट खुशाल मागवा, फक्त नवी चाकं घेण्याआधी ब्रेक कॅलिपरला घासत नाहीत ना ते एक चाक बसवून बघा, ऑर्डर चारची मग द्या.