मोकळ्या प्लॉटवर रानफुले: इंदूर परिसरासाठी पावसाळी सल्ला

कॉलनीचा मोकळा प्लॉट असो की गावची चरनोई म्हणजे गुरांची चराऊ जमीन, चार लोकांनी मिळून फुलांची जागा करायची ठरवली की पहिली धाव बियाण्याच्या पाकिटांकडे जाते. आधी गाजरगवताचे बघा.

पहिल्या पावसांनंतर काळ्या मातीत ते तरारून येते. फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. त्याने अंगावर चट्टे उठतात, दमाही बळावतो. असा त्रास असलेल्यांनी श्रमदानाला येऊ नये, चहाचे बघावे. पानांवर तपकिरी रेघांचे पांढुरके भुंगेरे दिसले तर मारू नका. मेक्सिकोहून १९८०च्या दशकात ते गाजरगवत खाऊन संपवण्यासाठीच आणलेले आहेत.

वापसा आला, म्हणजे माती ओलसर पण चिकटेनाशी झाली, की वखराने एकदा हलके उकरले की पुरे. शेणखत नको, कसदार जमिनीत गवत माजते आणि फुले दबतात. तेरडा, कुर्डू, टाकळा, गोकर्ण आणि थोडे मारवेल गवत एवढे पुरेसे आहे. बारीक बियांत चाळलेली वाळू कालवून हाताने विखरून पेरावे आणि पायाने हलके दाबावे. टाकळ्याचे आणि गोकर्णाचे कवच कठीण, म्हणून ते बी जाड वाळूत चोळून वेगळे टाकावे. टाकळ्याच्या पानांवर पिवळी फुलपाखरे अंडी घालतात. बांधावरची रुई तोडू नका. तिच्यावरचा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट म्हणजे उद्याचे भगवे फुलपाखरू.

शेजारी सोयाबीन असेल तर कुर्डू आणि टाकळा त्या बाजूला मुळीच टाकू नये. तिकडे ते तणच, आणि शेजाऱ्याशी भांडण ओढवून फुलपाखरे पाळता येत नाहीत. त्यालाही एक विनंती करावी: फवारणी संध्याकाळी, वारा पडल्यावर, मधमाश्या परतल्यावर. गिलकी-भोपळ्याची फळधारणा याच माश्यांवर चालते, हे त्याला पटते.

कापणी दिवाळीनंतर, बी पिकल्यावर, वर्षातून एकदा. एक तृतीयांश भाग उभाच ठेवावा. त्यात फुलपाखरांचे कोष असतात, मुनिया पाखरांना दाणा मिळतो. कापलेले दोन दिवस तिथेच वाळू द्यावे म्हणजे बी झडते, मग उचलावे. जाळू नये. कोपऱ्यात हातभर उघडी माती राहू द्या, काही रानटी मधमाश्या जमिनीतच बिळे करतात.

स्वच्छतेत २०१७पासून सलग अनेक वर्षे पहिला नंबर घेतलेल्या शहरात उभे गवत म्हणजे घाणच वाटते. म्हणून कडेने दोन हात पट्टा नीट कापलेला ठेवावा आणि ‘ही रानफुलांची जागा आहे, कापू नये’ अशी पाटी हिंदीतही लावावी.