घोडी फळत नाही म्हणता? आधी भिंतीवरचं कालनिर्णय उतरवा

आमचा तबेला घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या मागच्या अंगाला. पाच घोड्या आहेत, वरातीचा धंदा वडिलांपासूनचा. तुळशीचं लग्न लागलं की घोड्या कामाला जुंपल्या जातात, त्या आषाढी एकादशीला मोकळ्या होतात. त्यामुळे आमच्याकडे जो तो पावसाळ्यात विचारतो, "दादा, घोडी रिकामीच आहे, फळवून घेऊ का?" मी नको म्हणतो. घोडी अकरा महिने, साधारण 335 ते 340 दिवस गाभण राहते. जुलैत फळवली तर शिंगरू जूनमध्ये, ठाण्याच्या चिखलात पडणार. फळवायची तर फेब्रुवारी-मार्चमध्ये. चार वराती सोडाव्या लागतात, त्याला इलाज नाही.

आता कालनिर्णय. तबेल्यातलं वेगळं ठेवा, घरच्यावर दुधाचा हिशोब असतो आणि शिव्या आपल्याला बसतात. माज सुरू झाला त्या दिवशी लाल खूण, उतरला त्या दिवशी निळी. दोन लाल खुणांत 21-22 दिवसांचं अंतर, आणि लाल ते निळी 5 ते 7 दिवस. बीज सुटतं ते माज उतरायच्या आधीच्या 24 ते 48 तासांत. म्हणून पहिल्याच दिवशी घोडी टेम्पोत घालून वळूकडे पळू नका. माजाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून एक दिवसाआड दाखवा, घोडी नाही म्हणेपर्यंत. सोनोग्राफीवाला डॉक्टर मिळाला तर खेपा वाचतात. बीजकोष, म्हणजे बीज पिकतं ती पिशवी, 35 मिलिमीटरच्या पुढे गेला आणि गर्भाशय पडद्यावर कापलेल्या संत्र्यासारखं दिसलं की वेळ जवळ आली.

"आमची माजावरच येत नाही," ही सगळ्यात मोठी तक्रार. अहो, पण तिला दाखवलंय कोण? शहरातल्या तबेल्यांत वळू नसतोच, आणि वळूशिवाय कित्येक घोड्या माज दाखवत नाहीत. दुसऱ्याचा वळू पलीकडे उभा करा, मधे मजबूत आडवा बांबू हवाच. माजावरची घोडी मागचे पाय फाकवते, शेपूट बाजूला घेते, थोडं थोडं मुतते आणि निरण, म्हणजे योनीचं तोंड, उघडझाप करते. कान मागे टाकून किंचाळली आणि लाथ झाडली तर माज नाही समजून घरी या.

हिवाळ्यात मात्र खरोखरच पुष्कळ घोड्या बंद पडतात. घोडीचा माज उजेडावर चालतो. रात्र मोठी झाली की मेंदूतून वरचे हुकूम कमी सुटतात आणि अंडाशय झोपतं. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस अकरा तासांचा, म्हणजे उत्तरेइतकी कडक झोप नाही, तरी मरगळ येतेच. लवकर माज हवा असेल तर डिसेंबर लागताच संध्याकाळी सहा ते रात्री अकरा दिवा लावा. उजेड इतका, की ठाणात कुठेही उभं राहून पेपर वाचता आला पाहिजे. एकूण उजेड 16 तास झाला पाहिजे, आणि निकालाला दोन-अडीच महिने लागतात. आमच्या कोपऱ्यातल्या ठाणावर शेजारच्या टॉवरचा पार्किंगचा फ्लडलाइट रात्रभर पडतो. तिथली घोडी दरवर्षी बाकीच्यांआधी माजावर येते. सोसायटीवाले लिदीच्या वासाची तक्रार करतात, मी दिव्याची करत नाही.

इंजेक्शनावर मात्र जरा थांबतो, कारण इथे मी स्वतः ठेच खाल्लीय. माजावर आणायचं म्हणून जे प्रोस्टाग्लँडिन देतात, ते अंडाशयावरचा पिवळा गोळा मोडतं. तो गोळा प्रोजेस्टेरॉन सोडून माज दाबून ठेवत असतो. म्हणजे गोळा असेल तरच औषधाचा उपयोग, आणि तोही किमान पाच दिवसांचा जुना हवा. झोपलेल्या अंडाशयावर पैसे वाया. गाभण घोडीला दिलं तर गर्भ गेला. दिल्यावर अर्धा-पाऊण तास घाम फुटतो, पोटात कळा येतात, घाबरू नका. पण घरातल्या गरोदर बाईने किंवा दमेकऱ्याने ती बाटली हातात धरू नये, औषध कातडीतूनही शिरतं.

माझी बिजली सोळाव्या दिवशी गाभण निघाली. मी पेढे वाटले आणि पुढची तपासणी केलीच नाही. दोन महिन्यांनी पाहिलं तर गर्भाशय रिकामं. ओळखीच्या एकाने लागोपाठ तीन इंजेक्शनं दिली. घोडी घामाने निथळायची, माज काही नाही. शेवटी डॉक्टर मॅडमनी समजावलं, "दादा, 35व्या दिवसाच्या सुमारास गर्भाशयाच्या अस्तरात वाटीसारखे उंचवटे तयार होतात. त्यानंतर गर्भ पडला तरी ते चौथ्या महिन्यापर्यंत आपला हार्मोन सोडत राहतात. शरीराला वाटतं आपण गाभणच आहोत." उपाय एकच, वाट पाहणे. माझा हंगाम गेला. तेव्हापासून खडूने भिंतीवर तपासणीचे दिवस लिहिलेत: 14, 28, 45. चौदाव्या दिवशी जुळंही दिसतं. घोडीला जुळं झेपत नाही, आणि सोळाव्या दिवसाच्या आत एक चिमटून काढता येतं.

माज बरोबर, तारखा बरोबर, तरी राहत नाही? मग दोष बहुधा गर्भाशयात. म्हाताऱ्या, बरीच वेतं झालेल्या घोडीची निरण आत ओढली जाते, चालताना आत हवा शिरल्याचा आवाज येतो. हवेबरोबर लीद आणि जंतू. अशा निरणेला वरच्या बाजूला टाके घालतात. टाके घातलेत हे कालनिर्णयावर लिहा, वेताआधी दोन-तीन आठवडे उघडावे लागतात, नाहीतर फाटतं. काहींच्या गर्भाशयात वळू दाखवल्यावर पाणी साठून राहतं. तिथे सहा-आठ तासांनी डॉक्टर ऑक्सिटोसिन देतात. म्हशीच्या दुधापायी बदनाम झालेलं तेच.

घोडी वळूसारखी वागायला लागली, दुसऱ्या घोड्यांवर चढू लागली, तर अंडाशयात गाठ असू शकते. एक अंडाशय मोठं, दुसरं सुकून सुपारीएवढं. ते ऑपरेशनचं काम.

बिजलीने पुढच्या वर्षी शिंगरू दिलं. व्याल्यावर आठ-दहा दिवसांत लगेच माज येतो आणि लोक घाईने तोच धरतात. मी धरला नाही. तिची वार पडायला तीन तासांपेक्षा जास्त लागले होते, डॉक्टरांना रात्री बोलवावं लागलं होतं. त्या चौकटीत लाल खूण आहे, पुढे फुली. पुढची लाल खूण तीन आठवड्यांनी.