रात्रीच्या रस्त्यावरचं जनावर: धडक टाळायची कशी, आणि झालीच तर काय करायचं

गाडीखाली कुत्रं आलं की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘एकदम मध्ये आलं हो.’ जनावर एकदम आलं हे खरंच असतं. पण अंधाऱ्या रस्त्यावर ताशी 80 चा वेग धरला होता, तो काही एकदम आलेला नसतो. म्हणून आधी हिशोब पाहू.

जनावर दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. कोरडा डांबरी रस्ता आणि चांगले टायर धरले, तर 40 च्या वेगाला गाडी पूर्ण थांबायला सुमारे 26 मीटर लागतात, 60 ला 45 आणि 80 ला 70. डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्यांवर, मळकट रंगाचं कुत्रं किंवा काळी म्हैस 40-50 मीटरच्या आधी क्वचितच नजरेला पडते. म्हणजे दिवे नसलेल्या रस्त्यावर 80 ने जाणारा माणूस, दिसतं त्याहून जास्त अंतर आधीच खर्चून बसलेला असतो. बडोद्याहून डभोई, पादरा किंवा सावलीकडे रात्री जाताना समोरून गाड्या येत असतील, तर 55 च्या वर जाऊ नका. ओल्या रस्त्यावर 60 ला सुद्धा 57 मीटरच्या आसपास लागतात, तेव्हा पावसात 45 पुरे. पन्नास किलोमीटरच्या प्रवासात 80 ऐवजी 55 ने गेलात तर सतरा मिनिटं जास्त लागतात. त्या सतरा मिनिटांसाठी जनावर मारायचं का, एवढाच प्रश्न आहे.

निघण्याआधी दोन कामं. काच आतून पुसा. आतल्या तेलकट थरावर समोरचा प्रकाश फुटतो आणि कडेचं काही दिसत नाही. दिव्यांचा कोन पाहायला गाडी भिंतीपासून 10 मीटरवर सपाट जागी उभी करा. डिपरच्या प्रकाशाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा 10 ते 15 सेंटिमीटर खाली हवी. डिकीत वजन असेल तर पुढचा भाग उचलला जातो, दिवे झाडांवर पडतात आणि रस्ता अंधारातच राहतो. लग्नाचं सामान भरून निघालेल्या गाडीचं हमखास हेच होतं.

उभी गाडी सुरू करतानाही जीव जातात. उन्हाळ्यात सावलीसाठी कुत्री गाडीखाली झोपतात, थंडीत मांजर इंजिनच्या उबेला शिरतं. खाली वाकून पाहा, बॉनेटवर दोन थापा मारा, दहा सेकंद थांबा, मगच चावी फिरवा.

आता कोण कसं वागतं ते. रोझ, म्हणजे नीलगाय, सहसा एकटी नसते. एक ओलांडून गेली म्हणून ॲक्सिलरेटर दाबला की दुसरी काचेवर येते. नराचं वजन दोनशे किलोच्या पुढे जातं आणि पाय उंच असल्याने धड थेट पुढच्या काचेच्या उंचीला येतं. कुत्रीमागे पिल्लं असतातच. पावसाळ्यात गाई डिव्हायडरलगत बसतात, कारण तिथे कोरडं असतं आणि माश्या कमी. संध्याकाळी तापलेल्या डांबरावर साप पसरतात. रातवा पक्षी रस्त्यावरच बसतो, दिव्यात त्याचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात आणि तो अगदी शेवटच्या क्षणी उडतो.

अप्परने, म्हणजे लांबवर जाणाऱ्या प्रखर दिव्यांनी, जनावराचे डोळे दिपतात आणि ते जागीच खिळतं. तेव्हा डिपर करा, एकदा आखूड हॉर्न द्या, वेग उतरवा. स्टिअरिंग झटक्याने फिरवू नका. ससा वाचवायला गेलेली गाडी समोरच्या लेनमधल्या स्कूटरवर जाते. सरळ रेषेत, ब्रेक पूर्ण दाबून. एबीएस (चाकं लॉक होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असेल तर पायाखाली थरथर जाणवेल, तरी पाय उचलायचा नाही.

मगरीचं वेगळं आहे. विश्वामित्री शहराच्या मधून वाहते, त्यामुळे पावसाळ्यात मगर रस्त्यावर येणं बडोदेकरांना नवं नाही. ऑगस्ट 2024 च्या पुरात त्या सोसायट्यांपर्यंत पोचल्या होत्या. दिव्यात ती टायरच्या तुकड्यासारखी किंवा ओंडक्यासारखी दिसते आणि माणसं तिच्यावरून गाडी घालतात. नदीलगतच्या रस्त्यावर आडवं पडलेलं काहीही जिवंत समजा. किमान 10 मीटर अलीकडे थांबा, दिवे डिपरवर ठेवा, पाण्याकडची बाजू मोकळी सोडा, वनखात्याला कळवा. मोबाइल काढून पुढे सरसावणाऱ्यांना मागे घेणं हे यातलं सगळ्यात अवघड काम.

धडक झालीच, तर थांबायचं. बडोदे संस्थानात एके काळी पाळलेले चित्ते काळविटांवर सोडले जायचे. त्या शिकारीचं कौतुक आज कुणाला नको. पण जखमी केलेलं जनावर सोडून जायचं नाही, माग काढून त्याची तडफड संपवायची, हा बंदुकीच्या शिकाऱ्यांचा जुना दंडक होता. आरशात पाहून पुढे निघून जाणारा गाडीवाला त्या शिकाऱ्याच्याही खाली उतरतो.

गाडी कडेला, चारही इंडिकेटर चालू, हातात बॅटरी. राष्ट्रीय महामार्गावर लेनमध्ये उतरू नका. सुरक्षित जागी थांबून महामार्ग मदतीच्या 1033 ला फोन करा. गुजरातेत जखमी जनावरासाठी 1962 वर करुणा ॲम्ब्युलन्स मिळते. ती येईपर्यंत: ओळखीचं कुत्रंही वेदनेत चावतं, म्हणून ओढणीचा किंवा कापडी पट्टीचा फास तोंडावर घेऊन हनुवटीखाली गाठ, मग टोकं कानांमागे बांधा. उलटी होत असेल किंवा धाप लागली असेल तर तोंड बांधू नका. रक्त वाहत असेल तर घडी केलेलं स्वच्छ कापड पाच मिनिटं दाबून धरा, मधेच उचलून बघू नका. धरू लागलेली गुठळी सुटते. हलवायचंच झालं तर फळी किंवा गाडीतलं जाड मॅट खाली सरकवा, पाय धरून ओढू नका. पाणी पाजू नका. शुद्ध हरपत असेल तर ते श्वासनलिकेत जातं. हिरड्या पांढुरक्या असतील तर आत रक्तस्राव असू शकतो, तेव्हा घाई. सापाला, मेलेल्यालाही, हात लावू नका.

‘दगड घालून सोडवतो’ म्हणणारा एक जण जमावात असतोच. त्याला थांबवा. चुकीच्या जागी बसलेल्या घावाने तडफड लांबते. वाचणार नाही असं जनावर संपवायचं की नाही हे पशुवैद्याने ठरवायचं, आणि प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या 1960 पासूनच्या तरतुदीतही त्यासाठी रीत घालून दिलेली आहे. वन्यजीव असेल तर मेल्यावरही तो तुमचा नाही: 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो सरकारचा, म्हणून नख, कातडी, मांस काही घ्यायचं नाही, फक्त कळवायचं.

श्वास थांबला की डोळ्याच्या बुबुळाला कापडाच्या टोकाने हलकेच स्पर्श करा. पापणी हलली नाही, छातीही तीन मिनिटं हलली नाही, तर ते मेलं. कुत्रा-मांजर असेल तर रहदारी पाहून ते डांबरापासून चार-पाच मीटर दूर ओढून ठेवा. नाहीतर ते खायला रात्री आलेला कोल्हा, उजाडल्यावर आलेली घार, कावळा तिथेच चिरडतात. मेलेली कुत्री असेल तर तिची आचळं पाहा. दुधाने भरलेली असतील तर आसपासच्या पाइपांत, गवतात, पडक्या भिंतीमागे शोधा. पिल्लं तिथेच असतात, आणि आई परतली नाही तर काही तासांनी ओरडू लागतात.