मिरजेहून ग्वाल्हेर: गाण्याच्या शहरात गाईड म्हणून पहिली चार वर्षं

माझं लहानपण मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून चार पावलांवर गेलं. शाळेत जाता-येता वाद्यांसाठी वाळत घातलेले भोपळे दिसायचे आणि आतून कुणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत, म्हणजे तारांचा नाद जुळवत असल्याचा आवाज यायचा. त्या आवाजाचा कधी पोटापाण्याशी संबंध येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं. २०१८ साली गोवा एक्सप्रेसमध्ये बसून ग्वाल्हेरला गेले ती पर्यटनातलं एमबीए करायला. आज तिथेच गाईड म्हणून काम करते. या क्षेत्रात येऊ पाहणारी बरीच मुलंमुली विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी शिक्षणाचं. भारतीय पर्यटन आणि प्रवास व्यवस्थापन संस्था ही केंद्र सरकारची संस्था १९८३ साली स्थापन झाली आणि तिचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. बीबीए आणि एमबीए दोन्ही होतं. एमबीएसाठी कॅट, मॅट यांसारख्या परीक्षांचे गुण किंवा प्रवेश परीक्षा, मग गटचर्चा आणि मुलाखत. अभ्यासक्रमात विमान तिकिटांपासून सहलीचा खर्च काढण्यापर्यंत सगळं येतं. पण पदवी मिळाली म्हणजे गाईडचा परवाना मिळाला असं होत नाही. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंमध्ये पर्यटकांना फिरवायला वेगळा परवाना लागतो. पर्यटन मंत्रालयाचा टुरिस्ट फॅसिलिटेटरचा ऑनलाइन अभ्यासक्रमही आहे, घरबसल्या सुरुवात करायला तो बरा. नियम बदलत असतात, तेव्हा अर्ज भरण्याआधी अधिकृत संकेतस्थळ नीट वाचा.

२०२० मध्ये पदवी हातात आली तेव्हा टाळेबंदीमुळे किल्ल्याचे दरवाजे बंद होते. मी मिरजेला परतले आणि ते वर्ष वाचनात घालवलं. तेव्हा कळलं, की मी ज्या शहरात दोन वर्षं राहून आले ते माझ्या गावाशी किती जवळून जोडलेलं आहे. ख्याल गायकीचं मूळ घराणं मानतात ते ग्वाल्हेर, हद्दू खाँ आणि हस्सू खाँ या गायक भावांचं. तिथल्या वासुदेवबुवा जोशींकडे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर शिकले आणि ती गायकी घेऊन महाराष्ट्रात आले. त्यांच्याकडे मिरजेत विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले, ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. महाराष्ट्रातल्या गावोगावी संगीताच्या परीक्षा देणाऱ्या मुलांची वाट अशी मागे मागे ग्वाल्हेरला पोचते. मराठी पर्यटकांना मी पहिल्यांदा हेच सांगते. मग ते शहर त्यांना परकं वाटत नाही.

२०२१ च्या अखेरीस परत आले. पहिला मोठा गट पुण्याचा होता, अठ्ठावीस जण. किल्ल्यातल्या मानमंदिर महालात मी त्यांना सनावळी ऐकवली: राजा मानसिंह तोमर, १४८६ ते १५१६, निळ्या टाइल्स, पिवळी बदकं, पुढे मोगलांनी केलेला तुरुंग. वीस मिनिटं न थांबता बोलत होते. गटातल्या एक काकू, गाण्याच्या शिक्षिका, मला हळूच बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाळ, छान सांगतेस. पण ही जागा गाण्याची म्हणतेस ना? मग आम्हाला जरा ऐकू दे की."

आतल्या चौकात दगडी जाळ्या आहेत. त्यांच्या आड बसून राजघराण्यातल्या बायका गाणं शिकत असं सांगतात. काकू चौकाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी षड्ज, म्हणजे 'सा' लावला. नुसता षड्ज, तोही हळू. तो आवाज जाळीतून आत गेला आणि खोलीत पसरून परत आला. बोलणारे सगळे गप्प झाले. मी जाळीच्या मागे जाऊन उभी राहिले. तिथे माणूस तुकड्यातुकड्यांत दिसत होता, स्वर मात्र अख्खा येत होता. मी इतक्या वेळा त्या चौकात गेले होते, पण जाळीच्या त्या बाजूला कधी उभी राहिले नव्हते.

तेव्हापासून माझी सांगायची पद्धत बदलली. प्रत्येक जागी बोलण्याचा वेळ ठरवून घेते आणि गप्प बसण्याचाही. नव्या गाईडनं हे पहिल्या महिन्यात शिकावं. गाणारं कुणी गटात असेल तर उत्तम, नसेल तरी दोन मिनिटं लोकांना नुसतं बसवा. मात्र किल्ल्यात कार्यक्रम करायला परवानगी लागते, म्हणून स्पीकर वगैरे भानगडीत पडू नका. एक स्वर पुरतो.

आता शहरातल्या पर्यटनाच्या वाढीबद्दल. २०२३ साली युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीतासाठी सर्जनशील शहरांच्या यादीत घेतलं. भारतात वाराणसी आणि चेन्नईनंतर संगीतासाठी हा मान मिळालेलं हे तिसरं शहर. त्याच वर्षी डिसेंबरात किल्ल्यावर १२८२ तबलावादकांनी एकत्र वाजवून गिनीज विक्रम केला. मार्च २०२४ मध्ये विमानतळाची नवी इमारत झाली. चौकशा वाढल्या हे मी माझ्या फोनवरून सांगू शकते. तरी अडचण जुनीच आहे. आग्रा इथून सव्वाशे किलोमीटरच्या आत, ओरछाही साधारण तेवढंच. त्यामुळे बहुतेक गाड्या सकाळी येतात, किल्ला आणि शिंद्यांचा जयविलास महाल बघून जेवून पुढे जातात. पाच तासांत शहर संपतं. ज्या पर्यटकाला आपण एक रात्र थांबवू शकलो, त्याच्यामुळे हॉटेलवाला, रिक्षावाला, गजक (तीळगुळाची मिठाई) विकणारा आणि आपण, सगळ्यांचं भागतं. या धंद्यात मला सगळ्यात जास्त कष्ट या एका रात्रीसाठी पडतात.

त्यासाठी मी मार्गच उलटा लावते. गाड्या पश्चिमेच्या उरवाई दरवाजानं वर जातात. तिथल्या कड्यात कोरलेल्या प्रचंड जैन मूर्ती बघण्यासारख्या आहेतच. पण पायी चढणारी वाट पूर्वेकडे आहे. तिच्या पायथ्याला गुजरी महाल, मानसिंहानं राणी मृगनयनीसाठी बांधलेला, आता संग्रहालय. तिथली शालभंजिका, झाडाशी उभ्या स्त्रीची दगडी मूर्ती, बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. वर जाताना वाटेत एकाच दगडातून कोरलेलं छोटं चतुर्भुज मंदिर लागतं. त्याच्या भिंतीवर ८७६ सालचा शिलालेख आहे: देवाच्या बागेसाठी २७० हात लांबीची जमीन, रोज ५० माळा. त्या दोन्ही आकड्यांतलं शून्य आपण आज लिहितो तसंच गोल आहे. मी मोबाईलची बत्ती तिरकी धरते, म्हणजे अक्षरं उठून दिसतात, आणि शून्य कुठे आहे ते मुलांनाच शोधायला लावते.

इथे एक गोष्ट मनापासून सांगते. हे 'जगातलं सर्वांत जुनं शून्य' असं बरेच गाईड सांगतात. ते खरं नाही. कंबोडियातल्या एका शिलालेखात ६८३ सालचं शून्य आहे. आपलं शून्य भारतातल्या सर्वांत जुन्या कोरीव शून्यांपैकी एक आहे आणि ते पुरेसं मोठं आहे. जयविलासच्या दरबार हॉलमधली साडेतीन टनी झुंबरं टांगण्याआधी छतावर हत्ती चढवले, ही गोष्ट मीही रंगवून सांगते, पण 'असं सांगतात' हे शब्द जोडून. पर्यटक फोनवर लगेच तपासतो. एकदा विश्वास गेला की उरलेला दिवस वाया.

दुपार जयविलासला द्यावी. मराठी गटाला तिथलं मराठा दालन बघायचंच असतं. संध्याकाळी किल्ल्यावरचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम. म्हणजे मुक्काम आपोआप पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हजीरा भागात सूफी संत मोहम्मद गौस यांची भव्य कबर आणि तिच्या शेजारी तानसेनची साधी, उघड्या चबुतऱ्यावरची कबर. बाजूच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो अशी श्रद्धा आहे. मूळ झाड आता नाही, आहे ते नंतरचं. एकेकानं फांद्या ओढल्या तर तेही टिकणार नाही. म्हणून मी खाली पडलेलं एकच पान उचलून सगळ्यांना दाखवते आणि झाडाला हात लावू देत नाही. वाईट वाटतं काहींना, पण मी यात मागे हटत नाही. तिथून जिवाजीगंजचं सरोद घर, सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांचं घर, आता वाद्यांचं संग्रहालय. वाद्यांजवळ घाई करू नका. मराठी गटाला शेवटी फूलबागेतल्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवर नेते.

पैशांचं थोडक्यात. हंगाम ऑक्टोबर ते मार्च. मे-जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, काम जवळपास थांबतं. ते महिने निघतील एवढी शिल्लक हिवाळ्यातच बाजूला टाका. माझे पहिल्या वर्षी एका सहल कंपनीनं चार महिने पैसे अडकवले, कारण सगळं तोंडी ठरलं होतं. आता व्हॉट्सॲपवर का होईना, दर, तास आणि पैसे देण्याची तारीख लिहून घेतल्याशिवाय तारीख अडवत नाही. महाल-संग्रहालयांचा सुटीचा वारही आदल्या दिवशी फोन करून विचारते.

नवीन येणाऱ्यानं पहिली भेट डिसेंबरात द्यावी, तानसेन समारोहाच्या वेळी. १९२४ साली सुरू झालेल्या या समारोहाचं शंभरावं वर्ष २०२४ मध्ये झालं. प्रवेश मोफत असतो. पहिल्या सकाळी कबरीपाशी शहनाई, मग हरिकथा आणि मग मिलाद (पैगंबरांच्या स्तुतीचं गायन-वाचन), एकाच मांडवात. हरिकथा ग्वाल्हेरच्या ढोलीबुवा या कथाकारांच्या गादीकडे असते. ती सकाळ चुकवू नका. एक सभा तानसेनच्या जन्मगावी, बेहटला होते. नदीकाठी एका बाजूला कललेलं शंकराचं देऊळ आहे, तानसेनच्या तानेनं ते कललं असं गावकरी सांगतात. तिथे जाण्यासाठी गाडी आदल्या रात्रीच ठरवा, धुक्यामुळे सकाळी मिळत नाही. शाल, कानटोपी आणि बसायला सतरंजी घ्या. उत्तरेकडच्या गाड्या त्या दिवसांत तासन् तास उशिरा धावतात, तेव्हा समारोहाच्या एक दिवस आधीच पोचा.