क्लॅरिनेटची चावी अडकली? आधी तेलाची बाटली बाजूला ठेवा

लग्नसराई जवळ आली की माझ्याकडे येणाऱ्या क्लॅरिनेटची तक्रार ठरलेली असते: ‘चावी वर येत नाही.’ आणि आणण्याआधी कुणीतरी त्यावर तेल सोडलेलंच असतं. नेमकं काय अडलंय हे न बघता तेल घालणं ही सगळ्यात मोठी चूक.

आधी चावी कोणत्या जातीची आहे ते बघा. काही चाव्या एरवी उघड्या असतात, बोटाने दाबल्या की भोक झाकतात. काही एरवी बंद असतात, दाबल्या की उघडतात. बंद जातीची चावी सोडल्यावरही उघडीच राहिली, तर पॅडला, म्हणजे भोक झाकणाऱ्या चावीखालच्या गादीला, दोष देऊ नका. ते बिचारं हवेत आहे. तिथे स्प्रिंग निसटलेली असते किंवा चावी ज्याच्यावर फिरते तो रॉड जड झालेला असतो. उघड्या जातीची चावी भोकावर बसूनच राहिली, तर मात्र पॅडवर संशय घ्या. बोट उचलल्यावर ‘टक्’ असा बारीक आवाज करून सुटली तर पॅड चिकट आहे. आवाज न करता रेंगाळत वर आली तर रॉड तपासा.

रॉड तपासायला मी क्रोशाची सुई वापरतो. तिने स्प्रिंग खाचेतून सोडवायची आणि वाद्य फिरवायचं. चावी स्वतःच्या वजनाने पडली पाहिजे. पडली नाही तर टोकाचा स्क्रू पाव फेरा सैल करून बघा. तेवढ्याने मोकळी झाली, तर स्क्रू जास्त आवळलेला होता. नाहीतर रॉड वाकलाय, त्याला धरणारा खांब फिरलाय किंवा आत जुनं तेल साचलंय.

जुन्या तेलावरून सांगतो. एका बँडवाल्या पोराने ऐन डिसेंबरात वाद्य आणलं. म्हणाला, ‘काका, दुपारी झकास वाजतं, पहाटेच्या वरातीला खालच्या चाव्या हलत नाहीत.’ रॉड बाहेर काढला तर तो ज्यात बसतो त्या चावीच्या नळीत पांढरट थर. खोबरेल तेल! ते २४ अंशांच्या आसपास गोठतं, मग पहाटेच्या थंडीत चावी कशी हलणार? त्यातून चावी वर यावी म्हणून त्याने ती हाताने वाकवली होती, त्यामुळे पॅड भोकावर तिरकं बसत होतं. नळ्या लायटरच्या पेट्रोलने, काळं निघायचं थांबेपर्यंत पुसल्या (हे काम खिडकी उघडून, शेगडी-उदबत्तीपासून लांब करा). मग सुईच्या टोकावर मावेल एवढंच चाव्यांचं तेल. तेलाने फुगलेली पॅड बदलावी लागली आणि वाकलेली चावी सरळ करण्यात दुपार गेली. स्प्रिंग सोडवून बघायला त्याला मिनिटभर लागलं असतं. घाई करणाऱ्यांचा मला राग येतो तो यासाठी. खर्च शेवटी त्यांच्याच खिशातून जातो.

पॅड चिकट असेल तर कारण बहुतेक वेळा जेवणाच्या पंगतीत सापडतं. गुलाबजाम खाऊन तसंच तोंड लावलं की साखर थुंकीबरोबर आत उतरते. चूळ भरून वाजवा. चिकटपणा काढायला सिगारेटचा पातळ कागद घ्या, डिंकाची कड कापून टाका. कागद पॅडखाली ठेवून चावी हलकेच दाबा, उचला, मग कागद काढा. दाबलेलाच कागद ओढला की पॅडचं पातळ कातडं फाटतं. टाल्कम पावडर तर अजिबात नको. ओलाव्यात तिची लापशी होते.

पक्कडने स्प्रिंग वाकवू नका. पावसाळ्यात वाद्य ओलंच पेटीत ठेवू नका, सुईसारख्या स्प्रिंगा गंजून तुटतात. काढलेले रॉड आणि स्क्रू मी थर्माकोलच्या तुकड्यात काढलेल्या क्रमानेच खोचून ठेवतो. दिसायला सारखे असले तरी ते एकमेकांच्या जागी बसत नाहीत.

आणि वरचा-खालचा भाग जोडताना वरच्या भागातल्या भोकांभोवतीच्या कड्या दाबून धरा, म्हणजे दोन्ही भागांना जोडणारी पट्टी उचललेली राहते. ती न उचलता पिळून बसवली की वाकते, आणि मग एकाच वेळी दोन-तीन सूर बिघडतात. तसं झालं तर घरी ठोकाठोकी न करता सरळ माझ्यासारख्याकडे घेऊन या.