डिस्चार्ज बुकात रँक चुकली? अर्ज टाकण्याआधी या चुका टाळा

रँक दुरुस्तीचे बरेच अर्ज परत येतात ते कागद कमी पडले म्हणून नव्हे. अर्जदाराला जी चूक वाटते ती चूकच नसते, किंवा चूक खरी असते पण अर्ज भलत्याच टेबलावर जातो. डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून बाहेर पडताना जवानाला मिळणारं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, हा मूळ दस्तऐवज नाही. बढती, पदावनती, नेमणूक यांची नोंद आधी युनिटच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये (जवानाच्या सेवेतले बदल जाहीर करणारा अधिकृत आदेश) निघते, तिथून रेकॉर्ड ऑफिसमधल्या (जवानांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) शीट रोलवर, म्हणजे जवानाच्या सेवेच्या मूळ नोंदपत्रकावर, चढते आणि शीट रोलवरून डिस्चार्ज बुक लिहिलं जातं. त्यामुळे दुरुस्तीसुद्धा याच वाटेने होते. पार्ट टू ऑर्डर हाती नसेल तर बाकी सगळे पुरावे लंगडे पडतात.

जी चूक नाही तिच्यासाठी अर्ज करणं

सगळ्यात जास्त गोंधळ एमएसीपीचा, म्हणजे बढती न होताही ठरावीक वर्षांनी वेतन वाढवणाऱ्या योजनेचा. आठ, सोळा आणि चोवीस वर्षांच्या सेवेवर वरची वेतनश्रेणी मिळते, रँक मिळत नाही. पगारपत्रकात ‘एमएसीपी नायब सुभेदार’ असं आलं तरी खांद्यावर आणि डिस्चार्ज बुकात हवालदारच राहतो. पेन्शन वाढीव वेतनावर बसली आहे की नाही हे जरूर तपासा. ती बसली नसेल तर तक्रार पेन्शनची करा, रँकची नको.

दुसरा गोंधळ नेमणुकांचा. लान्स नाईक, कंपनी हवालदार मेजर (सीएचएम), क्वार्टरमास्टर हवालदार या नेमणुका आहेत. लान्स नाईकची मूळ रँक शिपाई, सीएचएमची मूळ रँक हवालदार. म्हणूनच ओआरओपीच्या (वन रँक वन पेन्शन) तक्त्यात शिपाई, नाईक, हवालदार असे रकाने दिसतात, लान्स नाईकचा दिसत नाही.

तिसरा, वेगवेगळ्या दलांतल्या नावांचा. रिसाल्यात (घोडदळाची परंपरा असलेलं रणगाडा दल) हवालदाराला दफेदार म्हणतात, नायब सुभेदाराला नायब रिसालदार. तोफखान्यातला गनर, इंजिनिअर्समधला सॅपर, सिग्नल्समधला सिग्नलमन, ईएमईतला (यंत्रसामग्रीची दुरुस्ती करणारी कोअर) क्राफ्ट्समन हे सगळे शिपायाच्याच दर्जाचे. बँकेच्या जुन्या नोंदीत ‘हवालदार’ आणि डिस्चार्ज बुकात ‘दफेदार’ असेल तर दुरुस्त करायला काहीच नाही. फार तर बँकेला एक खुलासापत्र द्यावं.

डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) पुन्हा भरती झालेल्या माजी सैनिकांकडे दोन डिस्चार्ज बुकं असतात. पहिल्या सेवेत हवालदार आणि दुसऱ्या सेवेत शिपाई, कारण डीएससीतली भरती ही नवी सेवा असते. इथे पहिल्या बुकाच्या आधारावर दुसरं बुक दुरुस्त करून मागितलं तर नकार ठरलेलाच.

मानद रँक डिस्चार्ज बुकात शोधणं

हवालदार पदावरून निवृत्त झालेल्यांना मानद नायब सुभेदार ही रँक बहुतेक वेळा निवृत्तीनंतर, २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टच्या यादीत जाहीर होते. डिस्चार्ज बुक त्याआधीच हातात पडलेलं असतं. त्यात ‘हवालदार’ असणं तेव्हाच्या तारखेला बरोबरच आहे. इथे ‘चूक दुरुस्त करा’ असं लिहिण्याऐवजी ‘मानद रँकची नोंद घ्यावी आणि त्यानुसार पीपीओ सुधारावा’ अशी विनंती करायची. (पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश.) सोबत राजपत्रातल्या अधिसूचनेची किंवा रेकॉर्ड ऑफिसच्या पत्राची प्रत जोडायची.

याला पैशाची बाजू आहे. पूर्वी या मानद रँकसाठी पेन्शनवर महिन्याला जेमतेम शंभर रुपये जादा मिळत. संरक्षण मंत्रालयाच्या १२ जून २००९ च्या पत्राने १ जानेवारी २००६ पासून मानद नायब सुभेदाराची पेन्शन नायब सुभेदाराच्या दराने काल्पनिक पद्धतीने (नोशनल, म्हणजे तो प्रत्यक्ष त्या पदावर होता असं धरून) निश्चित करायचं ठरलं. म्हणून पीपीओवर ‘हवालदार’ एवढंच असेल आणि मानद रँक मिळालेली असेल, तर हे काम मागे ठेवू नका.

डिस्चार्ज बुक आणि पीपीओ एकच समजणं

पीपीओवर शेवटची रँक आणि पेन्शनसाठी धरलेली रँक या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. २००६ पूर्वी निवृत्त झालेल्या जवानांच्या बाबतीत पेन्शनचा दर ठरवताना शेवटच्या रँकवर दहा महिने झाले आहेत का, हे बघितलं जाई. सात महिन्यांपूर्वी हवालदार झालेला माणूस हवालदार म्हणून घरी आला, पण पेन्शन नाईकची बसली. त्याचं डिस्चार्ज बुक बरोबर आहे. वाद असेल तर तो पेन्शन निश्चितीचा आहे.

उलट प्रकारही घडतो, आणि तो खऱ्या चुकीचा आहे. पेन्शनचे कागद निवृत्तीच्या बरेच महिने आधी प्रयागराजच्या पीसीडीए पेन्शन कार्यालयाकडे (सैनिकांची पेन्शन मंजूर करणारं कार्यालय) जातात. कागद गेल्यावर बढती झाली तर ती डिस्चार्ज बुकात येते, पण पीपीओ जुन्याच रँकवर निघतो. अशा वेळी रेकॉर्ड ऑफिसला सुधारित एलपीसी कम डेटा शीट (शेवटच्या वेतनाचा दाखला आणि सेवेचा तपशील) पाठवावी लागते आणि मग कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्त, पीपीओ निघतो. थेट प्रयागराजला लिहून उपयोग होत नाही. ते रेकॉर्ड ऑफिसच्या प्रस्तावाशिवाय रँक बदलत नाहीत. स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर तक्रार टाकली तरी शेवटी ती त्याच रेकॉर्ड ऑफिसकडे वळते. तक्रार क्रमांक पाठपुराव्याला कामी येतो, हे मात्र खरं.

पुरावा न मिळवता अर्ज टाकणं

‘सन ८७ मध्ये माझी बढती झाली होती, सगळ्या पलटणीला माहीत आहे’ या वाक्यावर कुठलाही रेकॉर्ड अधिकारी सही करणार नाही. त्याला पार्ट टू ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख लागते. ती नसेल तर आधी साधा अर्ज करून शीट रोलची आणि त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डरची साक्षांकित प्रत मागा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार. शुल्क दहा रुपये, प्रतींना पानाला दोन रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. उत्तर मिळालं नाही किंवा अपुरं मिळालं तर त्यानंतर तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं.

माहिती अधिकारात ‘माझी रँक का चुकली’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. ‘अमुक आर्मी नंबरच्या शीट रोलमधील बढती व पदावनतीच्या सर्व नोंदींची साक्षांकित प्रत’ अशी नेमकी मागणी करा. पदावनतीचा शब्द मुद्दाम घाला. काही प्रकरणांत बढती खरी असते, पण नंतर शिक्षेमुळे किंवा ट्रेड बदलल्यामुळे रँक खाली आलेली असते आणि घरच्यांना ते कधी सांगितलेलं नसतं. हे अर्जाआधी कळलेलं बरं.

ज्यांना पेन्शन नाही, म्हणजे पंधरा वर्षांआधीच बाहेर पडलेले जवान, त्यांनी उशीर करू नये. त्यांची सेवा कागदपत्रं पंचवीस वर्षांनंतर नष्ट केली जातात. मागे राहतो तो लाँग रोल, म्हणजे रेकॉर्ड ऑफिसची कायमची नोंदवही, आणि त्यात तपशील अगदी थोडा असतो.

अर्ज भलतीकडे पाठवणं

अर्ज शेवटच्या युनिटला नाही, आपल्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला जातो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचं खडकीला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. नौसैनिकांचं काम मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे, वायुसैनिकांचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज शिफारशीसह पुढे पाठवतं आणि तिथून गेलेल्या पत्राला उत्तर येण्याची शक्यता जास्त असते. पण रँक बदलायचा अधिकार त्यांना नाही, तेव्हा तिथल्या कारकुनाशी भांडण्यात अर्थ नाही.

अर्ज एका पानाचा, हिंदीत किंवा इंग्रजीत. आर्मी नंबर, नाव, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, पीपीओ क्रमांक, शेवटचं युनिट. मग एकच मागणी: ‘पार्ट टू ऑर्डर क्रमांक अमुक, दिनांक तमुक यानुसार डिस्चार्ज बुकमधील नाईक ही नोंद हवालदार अशी दुरुस्त करावी.’ त्याच पत्रात जन्मतारीख, बायकोच्या नावाचं स्पेलिंग आणि पदकाची नोंद घुसवू नका. प्रत्येक विषय वेगळ्या टेबलावर जातो आणि फाईल पहिल्याच टेबलावर अडकते.

मूळ बुक पोस्टाने पाठवणं, किंवा पेनाने खाडाखोड करणं

रेकॉर्ड ऑफिसने लेखी मागितल्याशिवाय मूळ डिस्चार्ज बुक पाठवू नका. साक्षांकित प्रती पाठवा. मागितलं तर प्रत्येक पानाची स्पष्ट प्रत घरी ठेवून स्पीड पोस्टने पाठवा आणि पोहोच जपून ठेवा. दुरुस्ती रेकॉर्ड अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यानेच ग्राह्य धरली जाते. कुणी निळ्या पेनाने ‘नाईक’ खोडून ‘हवालदार’ केलं की बरोबर असलेला दावासुद्धा संशयात जातो, शिवाय गुन्हा दाखल होऊ शकतो. एजंटांकडून असले प्रकार होतात, म्हणून बुक त्यांच्या हाती देऊ नये.

नाकारलेली बढती रँक दुरुस्तीच्या नावाखाली मागणं

‘मला बढती मिळायला हवी होती’ आणि ‘मिळालेली बढती लिहिली गेली नाही’ या दोन दाव्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. सशस्त्र दल न्यायाधिकरणात जायचं तर आधी निवेदन द्यावं लागतं. नकार आल्यापासून सहा महिने, किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही तर त्यापुढचे सहा महिने, एवढी मुदत आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण तो कशासाठी झाला यावर बरंच अवलंबून असतं. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या तरसेम सिंग निकालात पेन्शनची चूक दर महिन्याला नव्याने घडते असं मानलं. उशिरा आलेल्याला थकबाकी मात्र साधारण मागच्या तीन वर्षांचीच. ज्येष्ठता आणि बढतीचे जुने वाद त्या सवलतीत बसत नाहीत, कारण त्यात इतरांचे हक्क गुंतलेले असतात. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातची प्रकरणं मुंबई खंडपीठाकडे जातात.

दुरुस्ती झाल्यावर स्वस्थ बसणं

दुरुस्तीचं पत्र आलं तरी कॉरिजेंडम पीपीओ आपोआप निघतोच असं नाही. त्याची मागणी त्याच पत्राचा हवाला देऊन वेगळी करा. तो आल्यावर स्पर्शवरची रँक, ओआरओपीचा तक्ता, माजी सैनिक ओळखपत्र आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड एकेक करून जुळवा. ईसीएचएसमध्ये हवालदारापर्यंत जनरल वॉर्ड आणि नायब सुभेदारापासून सुभेदार मेजरपर्यंत सेमी-प्रायव्हेट. मानद आणि एमएसीपी नायब सुभेदारही सेमी-प्रायव्हेटमध्येच धरले जातात. जुनं कार्ड दाखवलं तर रुग्णालय जुन्याच हक्काचा वॉर्ड देणार. पतीच्या पश्चात पत्नीने हे काम हाती घेतलं असेल तर प्रत्येक अर्जाला कुटुंब पेन्शनच्या पीपीओची प्रत जोडावी. माहिती अधिकाराच्या अर्जालासुद्धा, नाहीतर त्रयस्थाची माहिती म्हणून तो परत येतो.